मर्यादेच्या वरचे रविवार

त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत एक रीत होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, वरच्या मजल्यावरच्या साहेबांना ठाऊक नव्हती, आणि बहुधा म्हणूनच खालचे सगळे ती मनापासून पाळत. रीत अशी, की ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली, त्याला सगळे रविवार द्यायचे.

रविवारी लाँड्री बंद ठेवून चालत नाही. आजारी माणूस वार बघून चादर खराब करत नाही. त्यामुळे दर रविवारी एकाला यावंच लागे, आणि त्या दिवसाचा पगार दुप्पट मिळे. एरवी हा रविवार आळीपाळीनं सगळ्यांत फिरला असता. पण पेन्शनचा हिशोब शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरी पगारावर होतो, एवढं तिथं धुण्याचा सोडा मोजणाऱ्यापासून सगळ्यांना पाठ होतं. ती तीन वर्षं भरघोस, तर पुढचं सगळं म्हातारपण भरघोस. म्हणून आज आपण आपला रविवार सोडायचा, उद्या आपली वेळ आली की बाकीचे सोडतील. तेही एका वेळी एकाच माणसासाठी. दोघांत वाटलं तर दोघंही अर्धपोटी, असं जुनी माणसं सांगून गेली होती. या रीतीवर आजवर पाच जण निवृत्त झाले होते आणि पाचही जणांची पेन्शन खरोखरच वाढून आली होती.

सहाव्या काकू.

काकू मळक्या कपड्यांची निवड करायला म्हणून लाँड्रीत आल्या, मग चादरींना इस्त्री करणाऱ्या तापत्या रोलरवर चादरी सोडायला लागल्या, आणि तीन वर्षांपूर्वी सुपरवायझर झाल्या. सुपरवायझर झाल्या म्हणजे हातात वही आली, एवढंच. रोलरवरची बाई आली नाही की वही खिशात कोंबून चादरीचं टोक धरायला त्याच उभ्या. नवरा गेल्याला बरीच वर्षं झाली होती. एक लेक, तिचं लग्न झालेलं. आपण लेकीकडे जायचं ते पाहुणी म्हणून, बोजा म्हणून नाही, हे काकूंनी फार पूर्वीच मनाशी पक्कं केलं होतं. त्यामुळे रविवारांची वेळ आली तेव्हा त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. दोन वर्षं. ताप असला तरी गेल्या.

त्यांच्यामागे रांगेत मामा होते. मामा धुलाईच्या मोठ्या मशीनवर. काकूंपेक्षा चार महिन्यांनी लहान, म्हणजे निवृत्तीही चार महिन्यांनी मागे. काकूंचे रविवार सुरू झाले आणि चार महिन्यांनी मामांचीही शेवटची तीन वर्षं लागली, पण रीत म्हणजे रीत. काकू जाईपर्यंत मामांना एकही रविवार नाही, आणि त्या गेल्यावर मामांच्या वाट्याला उरणार चार महिने.

"जन्माला यायची घाई केलीत, त्याचं फळ मिळतंय बघा, ताई," मामा म्हणायचे. "मी आपला आईच्या पोटात लोळत पडलो."

"मग आता भोगा," काकू म्हणायच्या.

ही त्यांची ठरलेली थट्टा होती. मामा ती हसून करत. मामांच्या घरी मामी होत्या, दोघांचं त्या एका पगारावर चाले, आणि मामांचा पगार काही मोठा नव्हता. हे काकूंना माहीत होतं. पण आपल्याला जे मिळतंय ते रीतीनं मिळतंय, हेही त्यांना माहीत होतं. रीतीनं मिळालेलं माणसाला सहज पचतं.

लेक चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. पोरगी चार महिन्यांची झाली तेव्हा लेकीनं विचारलं होतं, "आई, रविवारी सांभाळशील हिला? फक्त रविवारी. एरवी शेजारच्या आजी बघतील. मालक म्हणतोय, रविवारी येत असशील तर पूर्ण दिवसाचं काम, नाहीतर अर्धा दिवस."

पोरगी तेव्हा काकूंच्या मांडीवर होती. तिचं नाव काहीतरी छान ठेवलेलं होतं, पण गालांमुळे सगळे तिला ढब्बू म्हणत. ढब्बूनं काकूंचं बोट मुठीत धरलेलं होतं आणि ते ती तोंडाकडे ओढत होती.

"दीड वर्ष कळ काढ," काकू म्हणाल्या. "मग जन्मभर आहेच मी."

"दीड वर्षानं ही चालत दुकानात येईल माझ्या मागे."

"अगं, हे रविवार म्हणजे माझ्या पेन्शनीचं बी आहे. आत्ता पेरलं तर मरेपर्यंत उगवत राहणार. तुझ्यापुढे हात पसरायला नको म्हणून तर चाललंय सगळं."

लेकीनं काकूंचं बोट ढब्बूच्या मुठीतून सोडवलं आणि पोरीला पाजायला आत घेऊन गेली. दुसऱ्या महिन्यापासून ती दुकानात अर्धा दिवस जायला लागली.

निवृत्तीला वर्ष उरलं की पेन्शन विभागातून बोलावणं येतं. काकूंना आलं. पेन्शनचा कारकून दुसऱ्या मजल्यावर बसायचा. मधूनमधून 'सरासरीनं' म्हणायची त्याला सवय, म्हणून लाँड्रीत त्याचं नाव सरासरी. माणूस वाईट नव्हता. नातेवाइकाच्या रकान्यात लेकीचं नाव घातलं, सही घेतली, आणि मग त्यानं पेन्शनचा अंदाजे आकडा सांगितला.

काकूंनी तो मनातल्या मनात ताडून पाहिला.

"हा तर दोन वर्षांपूर्वीचाच आकडा, साहेब. तेव्हा मी सहज विचारायला आले होते, तेव्हाही हाच सांगितला होता तुम्ही."

"स्मरणशक्ती चांगली आहे तुमची."

"मग माझे रविवार धरायचे राहिले असतील."

"कुठले रविवार?"

काकूंनी सांगितलं. आधी थोडक्यात सांगणार होत्या, पण सरासरी ऐकत राहिला तशा त्या सगळं सांगत गेल्या. रीत कशी आहे, आधीचे पाच जण कोण, मामा कसे रांगेत आहेत. त्यानं पेन खाली ठेवलं होतं.

"काकू, तुमचे रविवार धरलेत," तो म्हणाला. "पण धरून उपयोग नाही. पेन्शनसाठी किती पगार मोजायचा त्याला एक कमाल मर्यादा आहे. समजा, ती शंभर आहे. एखाद्याला नव्वद मिळतात, नव्वद मोजणार. शंभर मिळतात, शंभर मोजणार. एकशेवीस मिळाले तरी शंभरच. वरचे वीस तुमच्या हातात पडतात, तुम्ही ते खर्च करू शकता, पण पेन्शनच्या लेखी ते वीस जन्मालाच आलेले नाहीत."

"मग ते पुढच्या वर्षात ढकला."

"ढकलता येत नाहीत. ज्या वर्षीचे त्या वर्षीच वाया."

"आणि माझा पगार किती? तुमच्या शंभरातला?"

"तुम्ही सुपरवायझर झालात ना, त्या महिन्यापासून तुमचा नुसता मूळ पगारच शंभर आहे. तुमची शेवटची तीन वर्षं सुरू झाली ती शंभरावरच. त्यावर रविवारी आलात काय आणि न आलात काय, सारखंच."

काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. "पण आधीच्या पाच जणांची वाढली होती. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"वाढणारच. ते सगळे सरासरीनं साठ-सत्तरातले. त्यांना वर जागा होती. लाँड्रीतून आजवर कुणाचं डोकं मर्यादेला लागलंच नव्हतं. तुम्ही पहिल्या. खरं तर अभिनंदन करायला हवं." मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं, तो जरा पुढे झुकला. "दोन वर्षं तुमच्या पगारातून पेन्शनची वर्गणी एकाच आकड्यानं कापली जातेय. रविवारचे पैसे वाढले तरी कपात वाढली नाही. लक्षात नाही आलं?"

"आलं की. कपात वाढली नाही म्हणून बरंच वाटलं होतं."

सरासरी हसला नाही, हे त्याचं चांगलं. काकू उठल्या आणि दारापाशी जाऊन थांबल्या.

"आमच्या मामांचा पगार कितीत येतो?"

"दुसऱ्याचा पगार मी सांगू शकत नाही, काकू."

"बरोबर आहे. नका सांगू. पण समजा एखादा पासष्टातला असेल?"

"पासष्टातल्याचा प्रत्येक रविवार मोजला जाईल. पूर्णच्या पूर्ण."

काकू जिना उतरून खाली आल्या. खाली रोलर चालू होता, वाफेनं काचा धुरकटलेल्या. पस्तीस किलोच्या मशीनमध्ये पन्नास किलो कोंबायचे नाहीत, मधले कपडे कोरडेच राहतात आणि पाणी-वीज फुकट जाते, हे त्या नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवत. आणि स्वतः दोन वर्षं दर रविवारी कोंबत होत्या. शिवाय स्वतःचे नाही, दुसऱ्यांचे.

"काय म्हणाला सरासरी?" मामांनी मशीनच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"ठीक आहे म्हणाला," काकू म्हणाल्या, आणि वही उघडून त्यात बघत राहिल्या.

त्या संध्याकाळी त्या बस बदलून लेकीकडे गेल्या. ढब्बू झोपली होती. कामावरून सुटून तिथं पोचेपर्यंत ती बहुतेक वेळा झोपलेलीच असायची. नऊ महिन्यांची झाली होती आता. दोन्ही हात डोक्याच्या वर टाकून, तोंड उघडं, कुठल्या तरी स्वप्नात दूध पीत होती. काकूंनी तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं, तिथं घामाचा आणि पावडरीचा आंबूस गोड वास होता. मग बाहेर येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं.

लेक आधी हसली. खरंच हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"म्हणजे मी अर्ध्या पगारावर बसले ते उगाचच."

"मला कुठं माहीत होतं?"

"मी कुठं म्हणते तुला माहीत होतं." तिनं बाळाचे कपडे घडी घालायला घेतले. ती घडी काकूंनीच शिकवलेली, कोपऱ्याला कोपरा. "पहिल्यांदा उठून बसली तो रविवार होता. रांगायला लागली तोही रविवार. शेजारच्या आजींनी पाहिलं ते, त्या दोन्ही रविवारी मालकानं मला अडीअडचणीला बोलावलं होतं. मला वाटलं होतं, निदान तू तरी बघशील. जाऊ दे. आता या रविवारपासून ये."

"असं कसं एकदम सोडता येईल? कारण सांगावं लागेल."

"मग सांग कारण. गुडघे दुखतात म्हण. तुझ्या वयाला शोभेल असं आहे."

काकूंनी एक झबलं उचलून घडी घालायला घेतलं. लेक त्यांच्याकडे बघत होती.

"खरं सांगितलं तर काय होईल, आई?"

"मामांना कळेल," काकू म्हणाल्या. "त्या माणसाची तीनातली जवळजवळ दोन वर्षं मी खाल्ली, आणि माझ्या पोटातही काही गेलं नाही. त्यांचं म्हातारपण तेवढं आखूड झालं ना."

"गुडघे दुखतात म्हटलंस तरी इथून पुढचे रविवार त्यांनाच मिळतील."

"मिळतील."

"झालं तर मग."

झालं तर मग, असं काकूंनाही वाटलं. खोटं बोलून मामांचं भलंच होत होतं, काकूंना स्वतःची नात मिळत होती आणि कुणाचं मन दुखत नव्हतं. असा सौदा रोज मिळत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी कपड्यांच्या ट्रॉलीला टेकून सांगून टाकलं, की गुडघ्यांनी पार दगा दिलाय, रविवारी उभं राहवत नाही, तेव्हा इथून पुढचे रविवार मामांनी घ्यावेत.

लाँड्रीत सगळ्यांत लहान होती तिला टाचणी म्हणत. जिभेमुळे. तिनं कप खाली ठेवला.

"काहीतरीच काय, काकू. तुमची सरासरी पडेल की."

"पडू दे."

"पडू दे कशी? दोन वर्षं चढवली आणि शेवटच्या वर्षी सोडायची? पोहत पोहत यायचं आणि काठाशी बुडायचं? मामा, तुम्ही सांगा यांना."

मामांनी काकूंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. काकूंनी उगाचच एका पायावर भार दिला.

"ताई, तुम्ही खुर्ची टाकून बसा," मामा म्हणाले. "पण रविवार सोडायचा नाही. आम्ही काय मेलोय का?"

म्हणजे काय, ते काकूंना त्या वेळी कळलं नाही. रविवारी सकाळी कळलं. त्या लाँड्रीचं कुलूप उघडत होत्या तर मागून मामा येताना दिसले, धुवट शर्ट घालून, हातात डबा. त्यांच्यामागे टाचणी.

"हजेरी तुमचीच लागणार," मामा म्हणाले. "आमची नाही. आम्ही आज इथं नाहीच. तुम्ही बसायचं."

टाचणीनं कुठून तरी उशीवाली खुर्ची आणली होती. ती तासाभरात निघून गेली, तिच्या पोरांना सुट्टी होती. पण मामा राहिले. ओल्या चादरींची गाठोडी पाण्यानं दुप्पट जड होतात. मामा ती मशीनमधून ओढून ट्रॉलीत टाकत होते, ट्रॉली ढकलत रोलरपाशी आणत होते, आणि काकू खुर्चीत बसून चादरीचं एक टोक धरत होत्या. धडधाकट गुडघ्यांनी. मामांच्या पाठीवर शर्ट चिकटला होता. मध्येच ते थांबले, कमरेवर हात ठेवून सरळ झाले, आणि काकू बघतायत असं दिसल्यावर हसले.

"वर्षच राहिलंय, ताई. बावन्न रविवार. काढू ओढून."

काकूंनी रोलर बंद केला. तो बंद झाला की लाँड्रीत अचानक फार शांत होतं, नळ ठिबकतो तेही ऐकू येतं.

"मामा, माझे गुडघे ठीक आहेत," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

मग सगळं सांगितलं. शंभराची गोष्ट सरासरीनं जशी सांगितली होती तशीच. त्या बोलत असताना मामा ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभे होते. त्यांना समजायला वेळ लागला असं नाही. उलट काकूंना वाटलं, ते आपल्यापेक्षा लवकर समजले.

"म्हणजे तुमची वाढली नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"आणि माझी वाढली असती."

"हो."

"कधी कळलं?"

"बुधवारी."

मामांनी ट्रॉलीतली चादर उचलली, तिचं टोक शोधलं, पुन्हा खाली ठेवली. "दोन वर्षांचं मी काही म्हणत नाही. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण बुधवारी कळलं आणि गुरुवारी तुम्ही मला गुडघे सांगितलेत."

काकूंनी खुर्ची बाजूला सरकवली.

"मी मामीला सांगून आलो, ताईंना त्रास होतोय म्हणून चाललोय. तिनं डबा दिला, जास्तीचा. तुमच्यासाठी."

ते तेवढंच बोलले. काकूंना वाटलं आता जातील. पण ट्रॉलीत ओल्या चादरी होत्या, आणि ओली चादर तशीच ठेवली की वास धरते. मामांनी रोलर सुरू केला. दोघांनी मिळून सगळ्या चादरी काढल्या, काकू उभ्या राहून. मग मामांनी डबा काकूंच्या टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. काकूंनी तो घरी नेऊन खाल्ला. टाकून दिला असता तर ते आणखी वाईट झालं असतं.

सोमवारी चहाच्या वेळी काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं. खुर्चीसकट. मग टाचणी म्हणाली, "माझ्या रविवारांचे नुसते पैसे गेले असते तर मी इतकं मनावर घेतलं नसतं, काकू. पण मी ती उशी घरून आणली होती."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच थोडं थोडं हसले. मामा हसले नाहीत. कप विसळून ठेवून मशीनकडे गेले.

दुपारी टाचणी रोलरवरच्या दोघींना घेऊन दुसऱ्या मजल्यावर जाऊन आली आणि सरासरीला भंडावून आली. ज्याचा त्याचा आकडा ज्याला त्याला विचारता येतो, एवढं तिनं तिथून वसूल केलं. मग एकेक जण जाऊन विचारून आला, तर शंभराच्या जवळपासही दुसरं कुणी नव्हतं. लाँड्रीतल्या आठ जणांत ती मर्यादा एकट्या काकूंनाच लागली होती. इथून पुढे कुणाचीही तीन वर्षं लागली की आधी वर जाऊन विचारायचं, डोक्यावर जागा किती आहे, आणि जागा असेल तरच रविवार द्यायचे, असं ठरलं. रीत मोडली नाही. तिला एक जिना चढायला लावला.

मामांनी मात्र रविवार घ्यायला नकार दिला.

"मला कुणाचं उरलेलं नको," ते म्हणाले.

काकूंनी दोन वर्षांच्या रविवारांच्या पैशांची गोष्ट काढून पाहिली. त्यातले बरेचसे बँकेत होते. मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ती गोष्ट तिथंच संपली.

"ते तुम्ही कष्टून मिळवलेत. मी कशाला घेऊ?"

शेवटी टाचणीच बोलली. मशीनपाशी जाऊन, कमरेवर हात ठेवून. "मामा, रुसायचं तर रुसा. रुसायला तुम्हाला अख्खा आठवडा मोकळा आहे. पण रविवारी येऊन रुसा. तुम्ही नाही आलात तर तो रविवार माझ्यावर येतो, आणि माझी निवृत्ती अजून पंचवीस वर्षं लांब आहे. माझ्या रविवाराचं लोणचं घालू का मी?"

मामांनी मशीनचं दार लावलं. ते लावताना नेहमी एक धक्का द्यावा लागतो, तो त्यांनी जरा जास्तच जोरात दिला.

"या रविवारपासून येतो," ते म्हणाले. काकूंकडे न बघता.

पुढचे दिवस मामा काकूंशी कामापुरतं बोलत. इतके किलो, तितका सोडा, ऑपरेशन थिएटरचे गाउन वेगळे. थट्टा बंद झाली होती. लाँड्रीत ते सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कुणी त्यात पडलं नाही.

रविवारी काकू लेकीकडे गेल्या. सकाळीच गेल्या, ढब्बू जागी असताना. लेकीनं दुधाच्या बाटल्या दाखवल्या, झोपेची वेळ सांगितली, पुन्हा सांगितली, चप्पल घातली आणि पोरीला काकूंच्या हातात दिली.

ढब्बूनं काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, ते बंद झालं होतं. मग तिनं खालचा ओठ पुढे काढला आणि भोकाड पसरलं.

काकूंनी तिला खांद्यावर घेतलं, हिंडवलं, खिडकीतून गाड्या दाखवल्या. ती मागे वाकून त्यांना दूर रेटत होती. दोन्ही तळव्यांनी, सगळा जीव लावून. या वयात मुलांना ओळखीचं माणूस कळायला लागतं, हे काकूंना माहीत होतं. आपण त्यातलं नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी येऊन झोपलेलीचा वास घेणारी बाई ढब्बूच्या ओळखीची कशी असणार? त्यांना वाटलं होतं रविवार आपले म्हणजे आपलेच, जाऊन बसलं की झालं.

शेवटी त्यांनी तिला सतरंजीवर ठेवलं आणि स्वतः हातभर लांब जमिनीवर बसल्या. बळजबरी करायची नाही. पोरगी रडत राहिली, पण जरा कमी जोरात.

तेवढ्यात फोन वाजला. मामांचा.

"ताई, रोलरचा पट्टा सरकलाय. चादर आत गुंडाळली जातेय."

"आधी वाफ बंद करा. केली? आता डावीकडचं झाकण काढा. तिथं एक चाक आहे, ते हातानं उलटं फिरवा. ओढू नका चादर, फाटेल."

पलीकडून खडखडाट ऐकू आला, मग मामांचा दम टाकल्याचा आवाज. "निघाली."

"पट्टा नीट बसलाय का बघा."

"बसलाय." ते थांबले. फोन ठेवला नाही. "मागे रडतंय कोण?"

"नात. मला ओळखत नाही."

"मग?"

"मग काय. बसलेय समोर."

मामांच्या पाठीमागे मशीन पाणी सोडत होतं, ते काकूंना स्पष्ट ऐकू येत होतं.

"मोठ्यानं बोला तिच्याशी," ते म्हणाले. "तुमचा आवाज रोलरवरचाच बरा आहे. हळू बोललात की मलाही भीती वाटते." आणि त्यांनी फोन ठेवला.

काकूंनी मान वर केली. ढब्बू रडायची थांबली होती आणि त्यांच्या हातातल्या फोनकडे बघत होती. गालांवर पाणी तसंच होतं. मग ती चार पायांवर आली, जरा डुलली, आणि निघाली. काकूंकडे नाही, फोनकडे. पण फोन काकूंच्या हातात होता.

त्यांनी तो तिला लगेच दिला नाही. आणि मग, नेहमी चादरी मोजताना काढतात तशा मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "ये. घे. चाव त्याला. ओला झाला तर पुसून घेईन."

ढब्बूनं एक हात फोनवर ठेवला आणि दुसरा, तोल जाऊ नये म्हणून, त्यांच्या गुडघ्यावर.